राणी केतेवान : जुन्या गोव्याच्या मातीखालची रक्तसाक्षी

मांडवी नदीच्या डाव्या तीरावर जुनें गोवें म्हणून जें ठिकाण आहे, तें एके काळीं आशिया खंडांतील नामांकित शहरांपैकीं एक होतें. पोर्तुगीज लोकांनीं तें १५१० सालीं जिंकून घेतलें व पुढें आपल्या पूर्वेकडील सर्व मुलखाचें मुख्य ठाणें केलें. तेथें मोठमोठे वाडे, बाजार, मठ व ख्रिस्ती देवळें उभीं राहिलीं. परंतु तापाच्या व महामारीच्या सांथी एकामागून एक आल्या, लोक घरेंदारें सोडून जाऊं लागले, १७५९ सालीं व्हाइसरॉयनेंही आपलें बिऱ्हाड पणजीस हलविलें, आणि १८४३ सालीं पणजी हीच राजधानी ठरली. आज तेथें थोडीं देवळें मात्र शाबूत आहेत. बाकीचें शहर माडांच्या बागांखालीं व मातीखालीं गेलें आहे.

त्या ठिकाणच्या मोठ्या देवळांपासून पश्चिमेस थोडें चढून गेलें म्हणजे एक टेकडी लागते. तीस पवित्र टेकडी म्हणत. तिच्यावर जांभ्या दगडाचा एक भग्न मनोरा दुरूनच दिसतो. हा मूळचा सुमारें दीडशें फूट उंच होता, व असे चार मनोरे त्या देवळास होते. ऑगस्टिनी पंथाचे साधु १५७२ सालीं गोव्यास आले. त्यांनीं बांधिलेलें हें देऊळ १६०२ सालीं पुरें झालें, व त्याच्या शेजारीं त्यांचा विस्तीर्ण मठ होता. आज तेथें छप्पर नाहीं, दरवाजे नाहींत. उघड्या आकाशाखालीं भिंतींचे अवशेष आहेत, आणि पायांखालीं कबरींचे लेख कोरलेले दगड आहेत. त्या काळीं धर्मगुरूंस व प्रतिष्ठित लोकांस देवळाच्या जमिनीखालींच पुरीत, म्हणून ही सर्व फरसबंदी म्हणजे एक मोठी स्मशानभूमिच होय. याच मठाच्या जागेंत एका राणीच्या हाडांचे अवशेष सुमारें पावणेचारशें वर्षें होते. ती राणी जिवंतपणीं हिंदुस्थानांत कधींही आली नव्हती. तिचें चरित्र आमच्या खेड्यापाड्यांतील बंधुभगिनींनीं ऐकावें असें आहे, म्हणून तें येथें थोडक्यांत देतों.

काळा समुद्र व कास्पियन समुद्र यांच्या मध्यें काकेशस नांवाच्या उंच पर्वतांच्या दक्षिणेस जॉर्जिया नांवाचा देश आहे. इराणी लोक त्यास गुर्जिस्तान म्हणतात. हा देश लहान, पण ख्रिस्ती धर्म तेथें फार जुना. चौथ्या शतकांत मिरियान राजानें ख्रिस्ताचा स्वीकार केला, आणि त्याच्या देशांत शुभवर्तमान नेणारी नीनो नांवाची एक स्त्री होती. ती बंदिवान दासी म्हणून तेथें आली होती असेंही जुने लेखक सांगतात. केतेवानच्या काळीं हा देश लहान लहान राज्यांत विभागला होता. पश्चिमेस तुर्कांचें बलाढ्य साम्राज्य व दक्षिणेस इराणच्या शहाचें. दोन जात्यांच्या तळ्यांमध्यें दाणे सांपडावे त्याप्रमाणें त्या लहान राज्यांची स्थिति होती. आज एकास खंडणी द्यावी, उद्यां दुसऱ्यास मुलगा ओलीस द्यावा, असें करून ते राजे दिवस काढीत.

केतेवानचा जन्म इ. स. १५६० च्या सुमारास मुखरानी येथील राजघराण्यांत झाला. तिचा पिता आशोतान हा तेथील सरदार होता. पूर्वेकडील काखेती राज्याचा राजपुत्र दाविद याच्याशीं तिचा विवाह झाला. दाविद १६०१ सालीं गादीवर बसला, परंतु दुसऱ्याच वर्षीं मरण पावला, आणि त्याचा वृद्ध पिता अलेक्झांडर यानें पुन्हां राज्यकारभार हातीं घेतला. केतेवान विधवा झाली. तिचा मुलगा तेमुराज हा इराणच्या शहाजवळ ओलीस होता. ती आपला वेळ दानधर्मांत व देवळें बांधण्याच्या कामीं घालवूं लागली.

परंतु शांतपणें दिवस काढणें तिच्या नशिबीं नव्हतें. अलेक्झांडर राजाचा धाकटा मुलगा कॉन्स्टंटाईन हा लहानपणापासून इराणच्या दरबारांत वाढला होता व त्यानें मुसलमानी धर्म स्वीकारला होता. शहाचें सैन्य घेऊन तो १६०५ सालीं मायदेशीं आला, आणि त्यानें आपला पिता व भाऊ यांचा वध करून गादी बळकाविली. लोक हबकून गेले. तेव्हां ही विधवा राणी पुढें झाली. तिनें सरदारांस एकत्र केलें, व त्याच वर्षीं झालेल्या लढाईत कॉन्स्टंटाईन मारला गेला. त्यानंतर तिनें काय केलें हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. शत्रूच्या जखमी शिपायांची शुश्रूषा करविली, ज्यांस चाकरी हवी होती त्यांस चाकरी दिली, आणि लढाईंत ज्या मुसलमान व्यापाऱ्यांचें नुकसान झालें होतें त्यांस भरपाई देऊन सोडून दिलें, असें तिच्याविषयीं सांगतात. सूड घेण्याची वेळ हातीं आली असतां जो हात आंवरतो, त्याचा धर्म ओठांवरचा नव्हे हें उघड आहे.

पुढें शहानें तेमुराजास सोडलें, व १६०६ सालीं तो काखेतीचा राजा झाला. तो अजून कोवळ्या वयाचा होता, म्हणून कांहीं काळ कारभार आईनेंच पाहिला. इराणच्या गादीवर त्या वेळीं पहिला शहा अब्बास होता. हा मोठा पराक्रमी व हुशार बादशहा. त्यास जॉर्जियाचा मुलूख आपल्या मुठींत हवा होता, आणि तुर्कांशीं त्या राजांचें सख्य होईल अशी त्यास सदा धास्ती असे. १६१४ सालीं तो सैन्य घेऊन चालून येऊं लागला. तेमुराजानें बोलणें लावून पाहिलें. शहानें ओलीस मागितले. तेव्हां राजानें आपल्या दोन लहान मुलांस, अलेक्झांडर व लेवान यांस, आणि आपल्या आईस शहाच्या स्वाधीन केलें. लेंक वांचावा, राज्य वांचावें, एवढ्यासाठीं ही राणी आपण होऊन शत्रूच्या छावणींत गेली.

तरीही राज्य वांचलें नाहीं. शहाच्या सैन्यानें काखेती उध्वस्त केली. १६१६ सालच्या स्वारींत हजारों लोक मारले गेले, व त्याहूनही अधिक लोक उचलून इराणांत नेऊन वसविले. त्यांचे वंशज इस्फाहान शहराच्या पश्चिमेकडील गांवांत अद्याप राहतात व घरीं आपली जुनी भाषा बोलतात. राणीच्या दोन्ही नातवांस तिच्यापासून दूर नेलें, १६१८ च्या सुमारास त्यांस क्रूरपणें खच्ची केलें, आणि दोघांचाही अंत परदेशांतच झाला. राणीस शिराज शहरीं ठेवलें होतें. तेथील सुभेदार इमाम कुली खान हा शहाचा मोठा सरदार. त्याचें घराणें मूळचें जॉर्जियांतलेंच. त्याचा पिता लहानपणीं गुलाम म्हणून इराणांत नेला गेला होता व मुसलमान होऊन मोठ्या पदास चढला होता. म्हणजे पहारेकरी व कैदी हीं दोघें एकाच मातीचीं होतीं. एकाच्या घराण्यानें धर्म सोडून राज्याचा मान मिळविला होता. दुसरीनें धर्म धरून राज्य गमाविलें होतें.

अशी दहा वर्षें गेलीं. दहा वर्षें म्हणणें सोपें आहे. आपली भाषा बोलणारें माणूस विरळा, मुलाची खबर महिनोन्महिने नाहीं, नातवांचें काय झालें तें उडत उडत कानीं यावें, अशा स्थितींत प्रत्येक दिवस नवा उगवतो. मोठ्या छळाच्या घटकेस माणूस एखादे वेळीं आवेशानें उभा राहतो. पण रोजच्या एकलेपणांत उभें राहणें हें त्याहून कठीण. केतेवाननें हे दिवस प्रार्थनेंत व उपासांत काढले. १६२३ सालीं पोर्तुगीज ऑगस्टिनी साधूंनीं शिराज येथें आपलें एक ठाणें घातलें, त्यांची व तिची ओळख झाली. तिची मंडळी वेगळी, त्यांची वेगळी. पण परक्या देशांत ख्रिस्ताचें नांव घेणारें माणूस भेटलें हेंच पुष्कळ होतें.

१६२४ सालीं शहाचा हुकूम आला कीं, राणीनें मुसलमानी धर्म स्वीकारावा. नाहीं तर तिला हाल करून मारावें. तिच्यापुढें मान व संपत्ति ठेविली गेली. सुभेदारानें तिची पुष्कळ मनधरणी केली, निदान वरवर तरी हो म्हणावें असें सुचविलें, असें सांगतात. तें अगदीं खरें वाटतें, कारण अशा वेळीं मृत्यूचें भय दाखविणाऱ्यापेक्षां कळवळ्यानें बोलणारा अधिक कठीण असतो. तिनें नकार दिला. त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत तापविलेल्या लोखंडी चिमट्यांनीं तिच्या देहाचे हाल करण्यांत आले, आणि त्यांतच ती मरण पावली. तेव्हां ती साठीच्या घरांत आलेली म्हातारी बाई होती.

येथें एका गोष्टीचा विचार न्यायानें केला पाहिजे. शहा अब्बास हा ख्रिस्ती लोकांचा सरसकट द्वेष करणारा नव्हता. आर्मेनियन ख्रिस्ती लोकांस त्यानें त्यांच्या गांवांहून बळेंच हलविलें हें खरें, पण इस्फाहानजवळ नवें जुल्फा नांवाची त्यांची वस्ती वसवून तेथें त्यांस देवळें बांधूं दिलीं. पोर्तुगीज साधूंसही त्यानें राजधानींत राहूं दिलें होतें. मग एका म्हाताऱ्या बंदिवान स्त्रीवर एवढा कोप कां? कारण तिच्या धर्मांत त्यास बंडखोर राज्याचा स्वाभिमान दिसत होता. राणी नमली म्हणजे तिचा मुलगा नमेल, तिचा देश नमेल, असा त्याचा हिशेब. धर्माचें नांव पुढें होतें, पण मागें राज्याचा लोभ होता. जगांत धर्माच्या नांवानें झालेल्या पुष्कळ जुलमांचें मूळ असेंच निघतें, मग तो जुलूम कोणत्याही लोकांनीं केलेला असो. म्हणून हें चरित्र वाचून आपल्या गांवांतील मुसलमान शेजाऱ्याविषयीं कोणाच्या मनांत किल्मिष येऊं नये. राणीनें मुसलमान जखमींची शुश्रूषा करविली होती हें विसरूं नये.

तिचें प्रेत पुरलें होतें, त्या ठिकाणाहून साधूंनीं तिचे अवशेष गुप्तपणें काढून घेतले. त्यांपैकीं कांहीं भाग १६२८ सालीं जॉर्जियांत तिच्या मुलास पोंचविला, आणि कांहीं भाग त्याच्या आधीं, १६२७ सालीं, समुद्रमार्गें गोव्यास आणून पवित्र टेकडीवरील आपल्या मठांत ठेविला. तिच्या स्वतःच्या मंडळीनें तिला संत म्हणून गणिलें. तेमुराज राजा कवि होता; त्यानें १६२५ सालीं आपल्या आईच्या छळाविषयीं एक मोठें काव्य रचिलें. लिस्बन शहरांतील ऑगस्टिनी मठांत तिच्या मरणाचा प्रसंग रंगीत फरशांवर काढलेला आहे, आणि जर्मनींत आंद्रेआस ग्रीफियुस या कवीनें तिच्यावर नाटक लिहून तें १६५७ सालीं प्रसिद्ध केलें. आपण हाडांस नमस्कार करीत नाहीं, व मेलेल्यांजवळ मागणें मागत नाहीं. पण ज्यांनीं आपल्या विश्वासासाठीं प्राण दिला त्यांची आठवण ठेवणें हें सर्वच मंडळ्यांचें कर्तव्य आहे.

आतां याच गोव्याविषयीं एक कडू गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ज्या शहरानें या राणीच्या हाडांस सन्मानानें जागा दिली, त्याच शहरांत १५६० सालापासून इन्क्विझिशन नांवाची धर्मचौकशीची कचेरी बसली होती. बाप्तिस्मा घेतल्यावर कोणी घरांत जुना आचार पाळला, कोणी यहुदी चालीनें सण केला, कोणी रोमच्या मताहून वेगळें मत धरलें, अशा संशयावरून लोकांस धरून नेत, वर्षानुवर्षें कोंडून ठेवीत, हाल करीत, व कांहींस जिवंत जाळीत. मध्यें १७७४ ते १७७८ हीं चार वर्षें सोडलीं तर १८१२ सालापर्यंत ही कचेरी चालली. एका टेकडीवर धर्म सोडण्यास नकार देऊन मेलेल्या स्त्रीचा गौरव, आणि तिच्या खालींच त्या शहरांत धर्माच्या कारणानें माणसांचा छळ! हीं दोन्हीं एकाच वेळीं चाललीं होतीं. हें कोणा परक्या धर्माच्या लोकांनीं केलें नाहीं. ख्रिस्ताचें नांव घेणाऱ्यांनींच केलें. शिराजचा चिमटा व गोव्याचा तुरुंग यांच्यांत प्रभूच्या दृष्टीनें भेद असेल असें आम्हांस वाटत नाहीं. जो विश्वास बळानें काढून घेतां येत नाहीं, तो बळानें देतांही येत नाहीं.

पुढें पोर्तुगालच्या सरकारनें साधूंचे पंथ बंद केले, व १८३५ सालीं ऑगस्टिनी साधूंस तो मठ सोडावा लागला. ओसाड इमारतीवर पावसाळे पडत राहिले. १८४२ सालीं देवळाची कमान कोसळली, १८७१ सालीं तेथील मोठी घंटा पणजीच्या देवळांत नेऊन टांगिली, आणि १९३१ सालीं दर्शनी भिंत व मनोऱ्याचा अर्धा भाग खालीं आला. राणीची दगडी पेटी कोठें होती हें सांगणारें कोणी उरलें नाहीं. फक्त जुन्या पोर्तुगीज कागदांत एक टीप राहिली होती, कीं मठांतील साधूंच्या सभेच्या दालनाजवळील प्रार्थनामंदिरांत दुसऱ्या खिडकीपाशीं तिच्या हाडांची पेटी आहे. पुस्तकांत नोंद राहिली, पण खिडकी मातीखालीं गेली होती.

१९८९ सालापासून जॉर्जियाचे विद्वान गोव्यास येऊं लागले. भारताच्या पुराणवस्तु खात्यानें त्यांच्याबरोबर त्या ढिगाऱ्यांत खोदकाम केलें. वर्षें गेलीं तरी पत्ता लागेना, कारण कोणती भिंत कोणत्या दालनाची हेंच आधीं ठरवावें लागत होतें. शेवटीं तें दालन व ती खिडकी ओळखतां आली, आणि २००४ सालीं तेथें हाताच्या एका लांब हाडाचा अवशेष मिळाला. जवळपास आणखी दोन हाडेंही मिळालीं. परंतु हाड मिळालें म्हणजे तें राणीचेंच हें कशावरून? म्हणून तें हैदराबाद येथील पेशींच्या शास्त्राच्या सरकारी संशोधन संस्थेंत तपासण्यास दिलें. प्रत्येक माणसाच्या शरीरांत डी. एन. ए. नांवाचें एक सूक्ष्म द्रव्य असतें. त्याचा एक भाग आईकडूनच लेंकरांस मिळतो, म्हणून त्यावरून मातृकुळाचा माग काढतां येतो. तपासाअंतीं तें हाड स्त्रीचें ठरलें. त्याच्या मातृकुळाची जी खूण निघाली ती हिंदुस्थानांतील बावीस हजारांहून अधिक माणसांच्या नोंदींत एकाचीही नव्हती. जॉर्जियांतील तीस माणसांत मात्र दोघांची जुळली. दुसरीं दोन हाडें या देशांतील माणसांचीं निघालीं. हे निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. कागदांतील टीप, खिडकीची जागा व हाडाची खूण या तिन्हींची साक्ष एक झाली.

२०१७ सालीं हा अवशेष कांहीं काळासाठीं जॉर्जियांत नेला, व पुढें परत आणिला. त्यानंतर भारत सरकारनें त्याचा एक भाग त्या देशास कायमचा भेट दिला. जुलै २०२१ मध्यें भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनीं तो तिबिलिसी शहरीं त्यांच्या हवालीं केला. १६१४ सालीं मुलासाठीं घर सोडून गेलेली आई अशा रीतीनें चारशेंहून अधिक वर्षांनीं मायदेशीं पोंचली.

पुण्याजवळ खडकीस जे गेले असतील त्यांनीं तेथील युद्धस्मशानभूमि पाहिली असेल. दुसऱ्या महायुद्धांत मेलेल्या शिपायांच्या ज्या कबरी पश्चिम व मध्य हिंदुस्थानांत जागोजाग विखुरल्या होत्या, त्या तेथें एकत्र आणून सोळाशेंहून अधिक दगड ओळीनें बसविले आहेत. प्रत्येकाचें नांव जपावें म्हणून केवढी खटपट! केतेवानच्या कबरीवर दगडही राहिला नाहीं, तरी तिचें नांव राहिलें. कारण तें दगडावर अवलंबून नव्हतें. आणि ज्यांचीं नांवें कोणत्याच दगडावर किंवा कागदावर नाहींत, अशा काखेतीच्या त्या हजारों माणसांचें काय? तीं नांवेंही देवाच्या पुस्तकांत आहेत.

बंधुभगिनींनो, आपणांपैकीं बहुतेकांपुढें तापविलेला चिमटा कधीं येणार नाहीं. पण लहान लहान चिमटे येतात. विहिरीवरून उठवून देतात, सोयरे लग्नास बोलवीत नाहींत, कामावर ठेवणारा तोंड फिरवितो, आणि भल्या मनाचा एखादा आप्त कानांत सांगतो कीं, चारचौघांपुढें हो म्हण, मनांत काय तें ठेव. अशा वेळीं शिराजच्या त्या म्हातारीची आठवण ठेवावी. तिला तलवार नव्हती, सैन्य नव्हतें, वादविवादाची विद्या तिनें दाखविली नाहीं; तिनें फक्त नाहीं म्हटलें, आणि कोणाचाही द्वेष केला नाहीं.

आणि जे उपदेशक आहेत त्यांनीं गोव्याच्या खालच्या रस्त्यांचीही आठवण ठेवावी. धान्याचें, नोकरीचें किंवा कर्जमाफीचें आमिष दाखवून मिळविलेला शिष्य, अथवा मंडळींतून काढण्याच्या धाकानें गप्प बसविलेला शिष्य, हा शिष्य नव्हे. ज्याला आपण मोकळेपणीं नाहीं म्हणूं देतों, त्याच्याच हो शब्दास किंमत असते. मनुष्याच्या अंतःकरणाचें दार आंतून उघडतें. बाहेरून तें फोडतां येतें, पण फोडलेल्या घरांत प्रभु वस्तीस येत नाहीं.